औषध हातांनी शिकायचे असते: महामारी, मावळ आणि फार्मसीचे शिक्षण

13 मार्च 2020 रोजी महाराष्ट्र सरकारने कोरोना रोखण्यासाठी जो साथरोग कायदा लागू केला, तो 1897 सालचा होता. मुंबई-पुण्यातल्या प्लेगसाठी इंग्रजांनी केलेला. त्याच वर्षी, 10 मार्चला, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. 123 वर्षांनी कायदा तोच राहिला आणि प्रश्नही तोच: साथ आली की किंमत कोण मोजतो? याचे उत्तर दवाखान्यात सगळेच शोधतात. आपण ते फार्मसीच्या वर्गात शोधू.

भारतात फार्मसीचे विद्यापीठीय शिक्षण 1932 साली बनारसला महादेव लाल श्रॉफ यांनी सुरू केले. 1948 च्या फार्मसी कायद्याने शिक्षण आणि नोंदणी हा या व्यवसायाचा पाया ठरवला. म्हणजे कागदावर तरी जात, घराणे, ओळख यांना तिथे जागा उरली नाही. जातिव्यवस्थेने पुस्तक एकाच्या हाती दिले आणि हातकाम दुसऱ्याच्या माथी मारले. फार्मसीची प्रयोगशाळा ही फाळणी मोडते. तिथे सूत्रही पाठ हवे आणि खलबत्ताही चालवता यायला हवा. म्हणूनच डिप्लोमाच्या 1991 च्या नियमांत 500 तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण सक्तीचे होते. त्यातले 250 तास डॉक्टरांच्या चिठ्ठीप्रमाणे औषध देण्याचे.

मार्च 2020 मध्ये हे सगळे मोबाईलच्या पडद्यावर आले. लोणावळ्याजवळ कुसगावला फार्मसीचे महाविद्यालय आहे, पुणे-लोणावळा लोकल ही या पट्ट्यातल्या विद्यार्थ्यांची वाट. ती लोकलच थांबली. शहरातला विद्यार्थी घरच्या वायफायवर वर्गात बसला. पण पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळातल्या डोंगराआडच्या वाड्यावस्त्यांचे काय? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 2017-18 च्या 75 व्या फेरीनुसार देशातल्या ग्रामीण घरांपैकी 14.9 टक्के घरांतच इंटरनेटची सोय होती, संगणक 4.4 टक्के घरांत. शहरी घरांत हेच आकडे 42 आणि 23.4 टक्के होते. ही दरी सरकारला साथीआधीच माहीत होती.

कुणी म्हणेल, पडद्यावर प्रयोग होत नाहीत का? काही होतात. बी.फार्म.च्या औषधशास्त्रात प्राण्यांवरचे प्रयोग संगणकावर दाखवण्याची तरतूद साथीच्या आधीपासूनच अभ्यासक्रमात आहे आणि ती योग्यच आहे. पण मलम घोटणे, गोळीचा कठीणपणा तपासणे, म्हाताऱ्या रुग्णाला दोन वेळचा डोस त्याच्या भाषेत समजावणे, हे बोटांनी आणि जिभेनेच शिकावे लागते.

28 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेविना पदवी नाही, असा निकाल दिला. परीक्षा झाल्या, पदव्या मिळाल्या. परीक्षेचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, पण बुडालेल्या प्रात्यक्षिकांसाठी कुणी दार ठोठावले? ज्याच्या घरी दुकान होते तो गल्ल्यामागे उभा राहून शिकला. शिष्यवृत्तीवर शिकणाऱ्या, घरातल्या पहिल्याच पदवीधराकडे तसे दुकान नव्हते. आपल्या समाजात वारसा असाच गुपचूप चालतो.

वाट नव्हती असे नाही. टाळेबंदीत वर्ग बंद होते, औषधांची दुकाने मात्र अत्यावश्यक सेवा म्हणून उघडी होती. प्राथमिक आरोग्य केंद्रांतले औषध वाटपही सुरू होते. विद्यार्थ्याला संरक्षक साधने, विमा आणि विद्यावेतन देऊन त्याच्या जवळच्या आरोग्य केंद्रात शिकायला पाठवता आले असते. ऑक्टोबर 2020 च्या नव्या नियमांनी डिप्लोमात सामाजिक फार्मसी हा विषय आणला आणि 500 तासही कायम ठेवले. चांगले झाले. पण समाज पुस्तकात आणून भागत नाही, विद्यार्थी समाजात पोहोचला पाहिजे.

पुढची साथ येईल तेव्हा कायदा कदाचित नवा असेल. आपली मागणी आजच लिहून ठेवू: साथीच्या काळात प्रात्यक्षिक शिक्षण कसे चालेल, याचा आराखडा आधी तयार हवा आणि त्याची सुरुवात डोंगरातल्या शेवटच्या वस्तीपासून हवी. सवलतीचे गुण नकोत. खलबत्ता हातात हवा.