देवघेवीची रजिस्टरं रद्दीत घालण्याआधी

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे. सवडीने वाचा, पण वाचा.

तालुक्यातल्या एका जुन्या वाचनालयाचा माळा साफ करायचं घाटतंय. वर फुटकी कपाटं आहेत, जुने दिवाळी अंक आहेत आणि देवघेवीची रजिस्टरं आहेत, पार साठच्या दशकापासूनची. कपाटं भंगारात आणि रजिस्टरं रद्दीत जाणार. दिवाळी अंकांसाठी दोघा-तिघांनी हात वर केलाय. रजिस्टरांसाठी कोणीच नाही. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे पुस्तक छापल्याची नोंद चोख आहे. 1857 च्या उठावाला दहा वर्षं होतात न होतात तोच, 1867 साली इंग्रजांनी छापखान्यांचा आणि पुस्तकनोंदणीचा कायदा केला. पुस्तक छापलं की प्रती सरकारजमा करायच्या. सरकार दर तिमाहीला यादी काढणार: नाव, लेखक, पानं, किती प्रती, किंमत काय. हेतू अर्थातच पाळतीचा होता, वाङ्मयसेवेचा नव्हे. पण त्यामुळे कागद शिल्लक राहिला. पुढे शंकर गणेश दाते यांनी ठिकठिकाणची ग्रंथालयं पालथी घालून 1800 ते 1937 या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली. ती 1944 साली आली. एकट्या माणसाच्या चिकाटीचं असं काम मराठीत दुसरं दाखवणं अवघड आहे.

म्हणजे बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' 1857 ची, हळबेशास्त्र्यांची 'मुक्तामाला' 1861 ची, हे आपल्याला बसल्या जागी सांगता येतं. पण ती 'मुक्तामाला' रत्नागिरीत कोणी नेली, नाशकात कोणी नेली, किती दिवस ठेवली? इथे गाडी थांबते. वाचनालयं तर तेव्हाही होती. रत्नागिरीचं 1828 चं, नाशिकचं 1840 चं, कोल्हापूरचं 1850 चं. त्यातून कादंबरी म्हणजे तेव्हा जरा संशयास्पद प्रकार! तिला 'नावल' म्हणायचे. 1872 साली काशिनाथ बाळकृष्ण मराठ्यांनी 'नावल व नाटक' या विषयावर निबंध लिहून तिची चांगलीच हजेरी घेतली. टीकाकार काय म्हणाले ते छापलं गेलं. वाचणाऱ्यांनी मात्र गुपचूप वाचली आणि परत केली. त्यांचं म्हणणं कुठेच नाही.

म्हणून देवघेवीचं रजिस्टर महत्त्वाचं. रकाने साधेच: तारीख, सभासद क्रमांक, पुस्तकाचा दाखल क्रमांक, परत केल्याची तारीख, सही. नुसतं पाहिलं तर आकडेच आकडे. पण शेजारी दाखल रजिस्टर आणि सभासदांची यादी उघडून बसलात की ते आकडे बोलायला लागतात. एकच दाखल क्रमांक महिनोन् महिने घरी टिकतच नाही, आज आला की उद्या पुन्हा बाहेर. काढून पाहावं तर 'मृत्युंजय'. तिकडे बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा एका दिवसात जाऊन परत येतात, कधी सकाळी नेली आणि संध्याकाळी दुसरी हवी. आणि ज्या पुस्तकांना मोठा मान, त्यांच्यापुढे वर्षाला दोन-तीन नोंदी. गावाची खरी आवड व्याख्यानमालेत कळत नाही, ती इथे कळते.

एक गोष्ट मात्र रजिस्टर लपवतं. सभासद म्हणून नाव घरच्या कर्त्या पुरुषाचं. वाचणारी बहुतेकदा आई, आजी, वहिनी. पोराच्या हातात चिठ्ठी द्यायची, त्यावर तीन-चार नावं: पहिलं नसेल तर दुसरं, तेही नसेल तर 'तुम्ही द्याल ते, पण वाचलेलं नको'. आता वाचलेलं कोणतं हे ग्रंथपालाला कसं कळायचं? रजिस्टर मागे उलटून. म्हणजे त्या बाईच्या वाचनाची वही ती स्वतः नाही, वाचनालय सांभाळत होतं. ज्यांनी स्वतः वह्या केल्या त्यांच्या वह्याही आपण घर आवरताना टाकल्याच. शाळेच्या वहीची उरलेली पानं, त्यावर अनुक्रमांक, कादंबरीचं नाव, पुढे फार तर 'बरी' किंवा 'रडवलं'.

अमेरिकेत मन्सी नावाचं एक मध्यम गाव आहे, इंडियाना राज्यात. तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाची 1891 ते 1902 ची रजिस्टरं 2003 साली एका प्राध्यापकाच्या हाती लागली. विद्यापीठ आणि ग्रंथालयाने मिळून ती संगणकावर उतरवली. पावणेदोन लाखांच्या आसपास नोंदी! आज कोणीही पाहू शकतो की तिथल्या मजुराच्या पोराने काय नेलं आणि वकिलाच्या बायकोने काय नेलं. सगळ्यात जास्त खपलेला लेखक कोण, तर होरेशिओ अल्जर, गरीब पोरगा कष्टाने वर येतो छापाच्या गोष्टी लिहिणारा. आपला माळा त्यांच्या माळ्यापेक्षा कमी नाही.

आता कोणी म्हणेल, कोण काय वाचतं हा ज्याचा त्याचा खासगी मामला. बरोबर आहे. त्याच अमेरिकेत 2001 नंतर सरकारला ग्रंथालयातल्या नोंदी मागण्याची मुभा मिळाली, तेव्हा अनेक ग्रंथालयांनी पुस्तक परत आलं की नोंद पुसायचा शिरस्ता ठेवला. मला ते पटतं. चालू नोंदी चव्हाट्यावर आणा असं मी म्हणत नाहीच. पन्नास वर्षांपूर्वीच्या नोंदींतली नावं झाकूनही काम होतं. सभासद क्रमांक आणि पुस्तक एवढं पुरे.

आपली अडचण खासगीपणाची नाहीच मुळी. 1967 च्या ग्रंथालय कायद्यानंतर गावोगाव वाचनालयं उभी राहिली, अ-ब-क-ड वर्ग मिळाले, वर्गाप्रमाणे अनुदान. चांगलंच झालं. पण तपासणीला लागतो तो आकडा: पुस्तकं किती, सभासद किती, वृत्तपत्रं किती. कोणती कादंबरी झिजून दोनदा बांधून घ्यावी लागली, हे कोणी विचारत नाही. मग तुटपुंज्या पगारावर काम करणारा ग्रंथपाल जुनी रजिस्टरं कशासाठी जपेल? त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

कार्यकारिणीची बैठक येत्या रविवारी आहे. माझी मागणी एवढीच की विक्रीचा विषय महिनाभर पुढे ढकलावा. तेवढ्यात मोबाईलवर पानांचे फोटो काढून होतील. शनिवार-रविवार मी बसतो. आणखी चार-पाच जण लागतील. धुळीचा त्रास नसणारे आणि जुनं मोडी वळणाचं अक्षर लागणारे असतील तर उत्तम. खाली नाव टाका.

आणि घरी आईची, आजीची अशी वही असेल तर तीही घेऊन या. फोटो काढून लगेच परत देतो.