टेक्सास पॅसिफिक लँड कॉर्पोरेशन

अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील जमीनधारक आणि तेल-वायूच्या स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) चालणारी कंपनी. मुख्यालय डॅलस. न्यूयॉर्क शेअर बाजारात तिचे समभाग ‘टीपीएल’ या चिन्हाने विकले जातात. पश्चिम टेक्सासच्या कोरड्या, झुडपी पठारावर तिच्या मालकीची सुमारे 8.8 लाख एकर जमीन आहे. गोवा राज्य याहून थोडेसेच मोठे. कंपनी स्वतः एकही तेलविहीर खोदत नाही. विहिरी, यंत्रे, मजूर आणि जोखीम इतरांची असते. निघालेल्या तेलातला ठरलेला वाटा, जमिनीवरून जाणाऱ्या नळांचे व तारांचे भाडे आणि पाण्याचे पैसे एवढे तिच्याकडे येतात. कर्मचारी शंभराच्या आसपास, कर्ज शून्य आणि 2024 मधील निव्वळ नफा 45.4 कोटी डॉलर. अशा कंपनीच्या समभागाला बाजाराने कधी दुर्लक्षिले, तर कधी डोक्यावर घेतले.

उगम : 1871 मध्ये अमेरिकी काँग्रेसने टेक्सास अँड पॅसिफिक रेल्वेला सनद दिली. टेक्सासमधील मार्शल गावापासून प्रशांत महासागराच्या काठावरील सॅन डिएगोपर्यंत लोहमार्ग नेण्याचा बेत होता. 1845 मध्ये संघराज्यात सामील होताना टेक्सासने आपल्या सार्वजनिक जमिनी स्वतःकडेच ठेवल्या होत्या. त्यामुळे रेल्वेला जमिनीचे अनुदान केंद्राकडून न मिळता राज्याकडून मिळाले. दर मैलामागे वीस ‘सेक्शन’, म्हणजे प्रत्येकी 640 एकरांचे चौरस तुकडे. अट अशी की रेल्वेने मोजणी करून एक तुकडा स्वतःकडे ठेवायचा आणि शेजारचा राज्याच्या शालेय निधीसाठी सोडायचा. बुद्धिबळाच्या पटासारखी ती विखुरलेली मालकी पश्चिम टेक्सासच्या नकाशावर आजही दिसते, आणि पुढे ती फार कामाला आली. लांबलचक तेलनळ टाकणाऱ्याला या कंपनीचा एखादा तरी चौकोन ओलांडावाच लागतो.

रेल्वेसम्राट जे गूल्ड याच्या ताब्यातील ही रेल्वे सॅन डिएगोला कधीच पोहोचली नाही. डिसेंबर 1881 मध्ये सिएरा ब्लँका येथे तिची सदर्न पॅसिफिकशी गाठ पडली आणि मार्ग तिथेच संपला. पुढे रेल्वेचे दिवाळे निघाले. कर्जरोखेधारकांना द्यायला रोकड नव्हती, ओसाड जमीन मात्र भरपूर होती. 1 फेब्रुवारी 1888 रोजी चार्ल्स कांडा, सिमियन ड्रेक आणि विल्यम स्ट्रॉस या तीन विश्वस्तांच्या नावे सुमारे 35 लाख एकर जमिनीचा ट्रस्ट करण्यात आला व रोखेधारकांना मालकीची प्रमाणपत्रे मिळाली. विश्वस्तांनी जमिनी विकायच्या, आलेल्या पैशातून प्रमाणपत्रे परत घेऊन रद्द करायची, आणि सगळे विकून झाले की ट्रस्ट गुंडाळायचा, असा हेतू होता. हळूहळू संपून जाण्यासाठी जन्माला आलेली ही संस्था तेवढे एक काम सोडून बाकी सगळे करत राहिली. 1927 पासून तिची प्रमाणपत्रे न्यूयॉर्क शेअर बाजारात आहेत.

स्वामित्वधनाची रचना : महाराष्ट्रात सातबारावर नाव असले तरी भूगर्भातील खनिजांवर हक्क राज्य शासनाचा असतो. 1966 च्या जमीन महसूल संहितेचे कलम 48 तसे सांगते. टेक्सासमध्ये जमिनीखालचे तेलही खासगी मालकीचे असते आणि भूपृष्ठ व खनिज ही दोन वेगवेगळी मालमत्ता म्हणून स्वतंत्रपणे विकता येतात. 1954 मध्ये ट्रस्टने आपली खनिज मालकी वेगळी काढून टीएक्सएल ऑइल या कंपनीकडे दिली. तिला 1962 मध्ये टेक्सॅकोने घेतले, आणि 2001 च्या विलीनीकरणानंतर ती मालमत्ता शेव्हरॉनकडे आली. ट्रस्टने स्वतःकडे कायमस्वरूपी स्वामित्वधन राखून ठेवले : सुमारे 3.7 लाख एकरांखालच्या उत्पादनाचा सोळावा हिस्सा आणि आणखी सुमारे 85 हजार एकरांखालचा 128 वा हिस्सा. पट्टा कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा अधिकार यात नाही, पण खोदकामाच्या खर्चाचा एक डॉलरही अंगावर येत नाही. हा हक्क कधी मुदतबाह्यही होत नाही. अर्ध्या शतकाहून अधिक काळ त्याची किंमत बेताचीच होती.

पुढे आडव्या विहिरी आणि जलदाबाने खडक फोडण्याचे तंत्र आले, आणि पश्चिम टेक्सासमधील पर्मियन या तेलखोऱ्याचे रूप पालटले. खोऱ्याच्या पश्चिमेकडील डेलावेअर उपखोऱ्यात, विशेषतः रीव्ह्ज, लव्हिंग आणि कल्बरसन या काउंट्यांत, कंपनीची जमीन व हक्क दाट आहेत. 2020 च्या जनगणनेत लव्हिंग काउंटीची लोकसंख्या 64 भरली होती. माणसे नसलेल्या या मुलखात तेलाचे ट्रक मात्र रात्रंदिवस धावतात.

पाणी : खडक फोडायला पाणी लागते आणि तेलाबरोबर त्याच्या कित्येक पट खारे पाणी वर येते. ट्रस्टने जून 2017 मध्ये टेक्सास पॅसिफिक वॉटर रिसोर्सेस ही उपकंपनी काढली. तेलकंपन्यांना पाणी विकायचे आणि वर आलेले खारे पाणी आपल्या जमिनीत जिरवू देऊन त्यावरही शुल्क घ्यायचे, असे तिचे दुहेरी काम आहे. 2024 मध्ये एकूण उत्पन्न 70.6 कोटी डॉलर होते. त्यात तेल-वायूच्या स्वामित्वधनाचा वाटा निम्म्याहून थोडा जास्त, आणि या दोन्ही पाण्यांचा मिळून एक तृतीयांशाहून अधिक. कंपनीला ‘तेलकंपनी’ म्हणणारे हा दुसरा आकडा विसरतात. खाऱ्या पाण्याच्या विल्हेवाटीचा प्रश्न दिवसेंदिवस बिकट होतो आहे. जमिनीत जिरवलेल्या पाण्याने भूकंपाचे धक्के वाढल्यामुळे टेक्सास रेल्वे आयोगाने (नाव रेल्वेचे, काम तेलाच्या नियमनाचे) 2021 पासून काही भागांत निर्बंध घातले आहेत. शेजारच्या न्यू मेक्सिकोतील पाणीही नळांतून टेक्सासच्या हद्दीत येते. ते मुरवायला जागा ज्याच्याकडे आहे, त्याला पैसे मिळतात. ऑर्ला येथे पाणी गोठवून मीठ वेगळे काढण्याचा, दिवसाला 10,000 बॅरल क्षमतेचा प्रायोगिक प्रकल्प कंपनीने हाती घेतला आहे. तो व्यापारी प्रमाणात परवडेल का, यावर पाण्याच्या धंद्याचे पुढचे बरेच काही अवलंबून आहे.

समभागाची वाटचाल : 2010 च्या सुमारास ट्रस्टचे प्रमाणपत्र तीस-चाळीस डॉलरला मिळत असे आणि त्याकडे फारसे कोणी पाहत नसे. नोव्हेंबर 2022 मध्ये भाव 2,700 डॉलरच्या घरात गेला, म्हणजे बारा-तेरा वर्षांत सत्तरपटीहून अधिक. याचे सगळे श्रेय तेलाला देणे चुकीचे आहे. दोन गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. जमिनीखालचे उत्पादन वाढत होते, आणि 1888 च्या आज्ञेप्रमाणे समभाग मागे घेऊन रद्द करणे चालूच होते. 2010 च्या आसपास एक कोटीच्या जवळ असलेली संख्या 2021 पर्यंत 77,56,156 वर आली होती. शिल्लक राहिलेल्या प्रत्येकाचा हिस्सा काही न करता फुगत गेला. पुनर्खरेदीवर आज कॉर्पोरेट जगात पुष्कळ बोलले जाते. इथे ती एका कोर्टकचेरीच्या तडजोडीची उपज होती, आणि म्हणूनच कदाचित इतकी वर्षे शिस्तीने पाळली गेली.

पडझडही तितकीच मोठी असते. फेब्रुवारी-मार्च 2020 मध्ये भाव निम्म्याहून खाली आला. त्या एप्रिलमध्ये अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा भाव तर उणे 37 डॉलरवर गेला. तरीही त्या वर्षी 30.3 कोटी डॉलर उत्पन्नावर कंपनीला 17.6 कोटी डॉलर निव्वळ नफा झाला. खोदणाऱ्या कंपन्या तोट्यात बुडत असताना शंभरातले 58 डॉलर नफा म्हणून उरणे, हे या व्यवसायाचे खरे प्रमाणपत्र. नोव्हेंबर 2022 च्या शिखरावरून 2023 च्या मध्यापर्यंत भाव पुन्हा निम्म्यावर आला. त्या वर्षीच्या नफ्यात मात्र दहा टक्क्यांहून कमी घट होती. भाव आणि धंदा यांची गती इथे क्वचितच जुळते.

मालकीचा संघर्ष : ट्रस्टचे तीन विश्वस्त तहहयात असत आणि भागधारकांना फारसे बोलता येत नसे. 2019 मध्ये एका विश्वस्ताने पद सोडले, तेव्हा रिकाम्या जागेसाठी उघड लढत झाली. एका बाजूला उरलेले दोन विश्वस्त आणि दुसऱ्या बाजूला होरायझन कायनेटिक्स, सॉफ्टव्हेस्ट हे मोठे गुंतवणूकदार. तडजोडीतून 11 जानेवारी 2021 रोजी ट्रस्टचे डेलावेअर राज्याच्या कायद्याखालील कंपनीत रूपांतर झाले. पण वाद संपला नाही. जितके समभाग बाजारात होते तितकेच अधिकृत होते. त्यामुळे विभाजन करायचे तर अधिकृत संख्या वाढवणे भाग होते, आणि मोठ्या भागधारकांना भीती होती की नवे समभाग काढून आपला हिस्सा पातळ केला जाईल. प्रकरण डेलावेअरच्या न्यायालयात गेले. डिसेंबर 2023 मध्ये निकाल कंपनीच्या बाजूने लागला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. महिनाभरात एकाचे तीन असे विभाजन झाले. होरायझनचे मरे स्टाल यांच्या बाजूने रोज एक-दोन-तीन समभाग घेत राहण्याचा उद्योग मात्र या सगळ्यात अखंड चालू होता. नियामकाकडे दाखल झालेल्या त्या खरेद्यांचे ढीग हा या समभागाच्या इतिहासातला गमतीचा भाग आहे.

जून 2024 मध्ये समभाग एस अँड पी मिडकॅप 400 निर्देशांकात आणि 26 नोव्हेंबर 2024 रोजी मॅरेथॉन ऑइलच्या जागी एस अँड पी 500 मध्ये दाखल झाला. निर्देशांकावर चालणाऱ्या फंडांना तो घेणे भाग होते. विकायला तयार असलेले समभाग थोडे होते, कारण मोठे भागधारक हलत नव्हते. भाव 1,700 डॉलरच्या वर गेला. सुमारे 2.3 कोटी समभागांवर ते बाजारमूल्य 3,900 कोटी डॉलर होते, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या 85 पटीहून जास्त आणि उत्पन्नाच्या 55 पट. नळ, जमीन आणि खारे पाणी यांना असा भाव देणे हे मूल्यमापन नव्हते, ती टंचाई होती. 2025 मध्ये तेल स्वस्त झाले, फंडांची सक्तीची खरेदी संपली आणि भाव उतरत गेला. डिसेंबर 2025 मध्ये पुन्हा एकाचे तीन झाले. विभाजन जमेस धरता वर्षअखेरीचा भाव आधीच्या शिखराच्या निम्म्याच्या आसपास होता. याच काळात स्वामित्वधनाचे उत्पादन विक्रमी होते. 2024 मधील सरासरी दिवसाला सुमारे 26,800 बॅरल (वायू तेलाच्या मापात धरून), तर 2025 च्या तिसऱ्या तिमाहीत 36,300.

भारतातून एस अँड पी 500 वर आधारित म्युच्युअल फंडांत पैसे गुंतवणाऱ्यांकडेही नोव्हेंबर 2024 पासून या जमिनीचा इवलासा वाटा आहे, बहुधा त्यांना ठाऊक नसताना.

पुढील चित्र : कंपनीचा स्वभाव बदलतो आहे. शतकभर विकणारी संस्था आता विकत घेऊ लागली आहे. 2024 मध्ये तिने दोन मोठ्या व्यवहारांत स्वामित्वहक्क घेतले. नोव्हेंबर 2025 मध्ये पर्मियनच्याच मिडलँड उपखोऱ्यात सुमारे 17,300 एकरांचे निव्वळ स्वामित्वहक्क 47.4 कोटी डॉलर रोख देऊन घेतले. त्याच्या थोडे आधी 50 कोटी डॉलरची कर्जमर्यादाही मंजूर करून घेतली होती. वारशाने मिळालेल्या हक्कांना किंमत पडली नव्हती, या हक्कांना पडते. त्यामुळे भांडवलावरील परतावा पूर्वीसारखा राहणार नाही. नवी आशा डेटा सेंटरची. पश्चिम टेक्सासात मोकळी जमीन आणि विजेसाठी वायू, ऊन व वारा आहे. तिथल्या वाहा या वायू-व्यापार केंद्रावरील भाव तर 2024 मध्ये वारंवार शून्याखाली गेला. 1881 मध्ये याच रेल्वेने वसवलेल्या अबिलीन गावाजवळ स्टारगेट या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रकल्पाचे प्रचंड संगणक-संकुल उभे राहत आहे. डिसेंबर 2025 मध्ये टीपीएलने गूगलचे माजी प्रमुख एरिक श्मिट यांच्या बोल्ट डेटा अँड एनर्जी या कंपनीत 5 कोटी डॉलर घालून आपल्या जमिनीवर अशी केंद्रे आणण्याचा करार केला. यातून पहिला मोठा पैसा येईपर्यंत ही आशा भावात धरणे घाईचे आहे.

धोके उघड आहेत. तेल 60 डॉलरखाली टिकले तर खोदकाम मंदावते, आणि कधी खोदायचे हे ठरवणे कंपनीच्या हाती नाही. जून 2024 मध्ये शेअर बाजारात आलेली लँडब्रिज ही कंपनी त्याच मुलखातली जमीन आणि तोच पाण्याचा धंदा घेऊन स्पर्धेत आहे. पर्मियनमधील सर्वोत्तम जागा उरकत आल्याची चर्चाही आहे. टीपीएलच्या हक्कांना मुदत नाही, हे खरे. पण तेल संपल्यावर मुदत असून नसून सारखीच. ज्याला तेलाच्या भरवशावर लाभांश हवा आहे, त्याच्यासाठी हा समभाग नाही. 2025 मधील तिमाही लाभांश विभाजनापूर्वीच्या समभागाला 1.60 डॉलर होता, म्हणजे बाजारभावावर वर्षाला एक टक्काही नव्हता. इथे घेणारा उत्पन्न विकत घेत नाही. तो पश्चिम टेक्सासच्या पुढच्या तीन-चार दशकांवर आगाऊ पैसे मोजतो, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये ते अतोनात मोजले गेले.