खडखडाटाची लय : फ्रान्समधील यंत्रसंगीताचा पूर्ववृत्तांत

आगगाडीच्या रुळांचा खडखडाट, लोखंडावर पडणारे घण, वाफेची शिटी यांस संगीत म्हणावे काय, असा प्रश्न कोणी केला तर आमच्या वाचकांपैकी बहुतेक जण तत्काळ ‘नाही’ म्हणतील, आणि काही जण प्रश्नकर्त्याच्या प्रकृतीची चौकशी करतील. परंतु फ्रान्स देशात हा प्रश्न पाऊणशे वर्षांहून अधिक काळ गंभीरपणे विचारला जात आहे. तेथे आज ‘औद्योगिक संगीत’ आणि ‘लयबद्ध गोंगाट’ या नावांचे प्रकार रंगमंचावरून सादर होतात. विद्युत्‌यंत्रांतून काढलेले कर्कश, फाटलेले आवाज एका ठाम ठेक्यात बांधलेले असतात, आणि श्रोते ते उभ्याने, अंग डोलावीत ऐकतात. हे खूळ एका रात्रीत उपजलेले नाही. त्यास वंशावळ आहे. त्या वंशावळीत दोन प्रश्न पुनःपुन्हा भेटतात. गोंगाटाचे संगीत होते ते कशाने? आणि ते लोकांसमोर वाजवायचे, तर वाजवणारा कोण? या दोन प्रश्नांच्या अनुरोधाने हा इतिहास पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

यंत्रांच्या आवाजाने पॅरिसच्या रंगमंदिरात प्रवेश केला तो पाहुण्यासारखा. १९१७ साली शातले रंगमंदिरात झालेल्या ‘पराद’ या नृत्यनाट्यात एरिक साती यांच्या वाद्यवृंदास टंकलेखन यंत्र, भोंगा आणि पिस्तुलाचा बार यांची जोड देण्यात आली होती. १९२१ साली इटलीचे लुइजी रुसोलो यांनी कर्णे लावलेल्या आपल्या गोंगाटपेट्या शांझेलिझे रंगमंदिरात आणून वाजविल्या. १९२४ साली आर्थर ओनेगेर यांनी ‘पॅसिफिक २३१’ या रचनेत आगगाडीच्या इंजिनाची धाव वाद्यवृंदाकडून वदविली. या तिन्ही प्रयोगांत धाडस होते. परंतु साती यांच्याकडे गोंगाट हा संगीताचा अलंकार होता, रुसोलोंच्या पेट्यांत तो नव्याने निर्माण केलेला होता, आणि ओनेगेरांकडे तर ते निव्वळ अनुकरण होते. खुद्द इंजिन अजून स्टेशनातच उभे होते.

त्या इंजिनापाशी गेला तो एक अभियंता. नान्सी येथे १९१० साली जन्मलेले प्येर शेफेर यांचे वडील व्हायोलिनवादक आणि आई गायिका. मुलगा मात्र अभियांत्रिकी शिकून फ्रेंच नभोवाणीच्या नोकरीत शिरला. १९४८ च्या मे महिन्यात शेफेर ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन पॅरिसच्या बातिन्योल स्टेशनावर गेले. तेथे सहा इंजिने उभी होती. आपल्याकडे मैफलीत गवयास ‘काही ऐकवा’ म्हणावे, तशी त्यांनी इंजिनचालकांना आपापल्या मनाने इंजिने वाजविण्याची विनंती केली. या सामग्रीतून सुमारे तीन मिनिटांची एक रचना सिद्ध झाली, आणि त्याच वर्षी ५ ऑक्टोबर रोजी ‘गोंगाटाची मैफल’ अशा नावाने ती व तिच्या जोडीच्या रचना नभोवाणीवरून ऐकविण्यात आल्या.

यातील खरा शोध मात्र इंजिनाचा नव्हता; तो तबकडीचा होता. ध्वनिफीत अजून त्यांच्या हाती आली नव्हती. सारे काम ग्रामोफोनच्या तबकड्यांवर चाले. तबकडीवरील चर सर्पाच्या वेटोळ्याप्रमाणे आत आत जात असतो. शेफेर यांनी तोच चर एका फेऱ्यात मिटवून टाकला. मग सुई पुढे न सरकता त्याच वर्तुळात फिरत राही, आणि एकच क्षण अखंड ऐकू येई. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या तबकडीवर असा फेरा सुमारे पाऊण सेकंदाचा होतो. प्रथम तो आवाज ऐकताना श्रोता म्हणतो, ‘ही गाडी आली.’ दहाव्या फेऱ्यास गाडी नाहीशी झालेली असते, आणि उरतात ते केवळ आघात, विसावा, चढ आणि उतार. जे घटना म्हणून कानी आले होते, ते पुनरुक्तीने रचना होऊन बसते. आपल्या तालशास्त्रात ज्यास आवर्तन म्हणतात, त्याचीच ही ओबडधोबड यांत्रिक बहीण होय. आजच्या लयबद्ध गोंगाटाचे बीज आमच्या मते या मिटलेल्या चरात आहे. आमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तरही तेच : गोंगाटाचे संगीत होते ते आवाज गोड केल्याने नव्हे, तर तो परत येईल असा भरवसा श्रोत्यास दिल्याने.

दुसरा प्रश्न याहून अवघड ठरला. १८ मार्च १९५० रोजी पॅरिसच्या एकोल नॉर्माल या संगीतशाळेत या नव्या संगीताची पहिली जाहीर मैफल झाली, आणि शेफेर व त्यांचे तरुण सहकारी प्येर आन्री यांची ‘एकाकी मानवासाठी सिंफनी’ तीत सादर करण्यात आली. परंतु श्रोत्यांसमोर ना गवई होता, ना वादक. होती ती तबकड्यांची यंत्रे आणि ध्वनिक्षेपक. ज्या मैफलीत कोणाच्या कपाळी घाम नाही, ती मैफल कसली? ही उणीव निर्मात्यांसही जाणवली असावी. कारण १९५१ साली त्यांनी एक चमत्कारिक साधन रंगमंचावर आणले. मोठमोठ्या तारांच्या कड्यांमध्ये उभा राहून एक माणूस हात हलवी, आणि त्याच्या हाताबरोबर आवाज सभागृहात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात फिरे. गोंगाटास हात मिळाला, परंतु त्या हाताने आवाज निर्माण होत नसे. तो केवळ इकडून तिकडे जाई.

श्रोत्यांनी आपला कौल २ डिसेंबर १९५४ रोजी दिला. पॅरिसमध्ये जन्मून अमेरिकेत स्थायिक झालेले एदगार वारेझ यांची ‘देझेर’, म्हणजे ‘वाळवंटे’, ही रचना त्या दिवशी शांझेलिझे रंगमंदिरात हेर्मान शेर्खेन यांच्या संचालनाखाली झाली. सुषिर वाद्ये, पियानो आणि आघातवाद्ये यांच्या वादनात तीन ठिकाणी खंड पाडून ध्वनिफितीवरील कारखान्यांचे आवाज ऐकविण्याची योजना होती. कार्यक्रमाच्या एका बाजूस मोत्सार्ट, दुसऱ्या बाजूस चायकोव्स्की. मोत्सार्ट ऐकून तृप्त झालेल्या रसिकांवर हा लोखंडाचा वर्षाव होताच सभागृहात आरडाओरडा उसळला, आणि कार्यक्रम नभोवाणीवरून चालू असल्यामुळे तो दंगा घरोघरी ऐकू गेला. आम्हांस या प्रसंगात एक गंमत दिसते. गोंगाटाविरुद्ध तक्रार करण्यास श्रोत्यांपाशी गोंगाटाखेरीज दुसरे साधन नव्हते.

यानंतर मार्ग दुभंगला. शेफेर यांच्या परंपरेतील संशोधक प्रयोगशाळेकडे वळले. त्यांच्यापैकी फ्रान्स्वा बेल यांनी १९७४ साली निरनिराळ्या आकारांच्या अनेक ध्वनिक्षेपकांचा एक वृंदच रंगमंचावर मांडला, आणि वादकाच्या अभावास शास्त्राची प्रतिष्ठा दिली. दुसरा मार्ग रस्त्यावरून गेला. १९७६ पासून इंग्लंडमध्ये ‘औद्योगिक संगीत’ या नावाचा जो बंडखोर प्रकार निघाला, त्याचे पडसाद फ्रान्समध्येही उमटले. फिलिप फिशो यांचा ‘डी फोर्म’ हा उपक्रम आणि ग्रनोबलच्या उर्तादो बंधूंचा ‘एतां दोने’ हे दोन्ही १९७७ चे. उर्तादो बंधूंनी रंगमंचावर आपले शरीरच पणास लावले; ध्वनिफितीवरील आवाजाशी ते जणू झुंजत. ग्रनोबलचेच झाँ-मार्क विवेन्झा यांनी रुसोलोंचा वारसा सांगत १९८० नंतरच्या दशकात कारखान्यांतील यंत्रांच्या ध्वनिमुद्रणांतून रचना केल्या.

परंतु दुसऱ्या प्रश्नाचे सर्वांत सरळ उत्तर दिले ते प्रयोगशाळेने नव्हे आणि पॅरिसनेही नव्हे. मध्य फ्रान्समध्ये नेव्हेर शहराशेजारी व्हारेन-व्होझेल नावाचे गाव आहे. तेथे रेल्वेचे मोठे कारखाने आणि कामगारांची आखीव वस्ती. काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांमुळे त्या वस्तीस लोक विनोदाने न्यूयॉर्कमधील ‘ब्राँक्स’चे नाव देत. १९८७ साली तेथील तरुणांनी ‘ब्राँक्सचे ढोल’ या नावाचा ताफा उभा केला. सव्वादोनशे लिटरची तेलाची रिकामी पिंपे अर्धवर्तुळात मांडायची, आणि पंधरा-वीस जणांनी लाकडी दांडक्यांनी ती बडवायची, हे त्यांचे वादन. पुढे त्यांनी विद्युत्‌यंत्रांचे आवाजही जोडीस घेतले. वादनाच्या अंती पिंपे चेपलेली असतात, दांडकी फुटलेली असतात, आणि वादक घामाने निथळत असतात. शेफेर आवाज टिपण्यासाठी रेल्वेकडे गेले होते. येथे रेल्वेची वस्तीच स्वतः वाजू लागली.

१९९० नंतर या दोन धारा एकत्र आल्या. ठेका देणाऱ्या यंत्राचा आवाज मर्यादेपलीकडे चढविला की ध्वनीची लाट माथ्यावर छाटली जाते, आणि मूळ आवाजात नसलेले अनेक तीक्ष्ण स्वरांश तीत उत्पन्न होतात. ढोलाचा ‘धम्’ फाटून पत्र्यासारखा होतो. हा फाटलेला ठेका म्हणजेच लयबद्ध गोंगाट. फ्रान्समधील ‘फ्लिंट ग्लास’, ‘क्रिसालीद’ इत्यादी नावे या क्षेत्रात परिचित आहेत. येथे वादक यंत्रांपुढे उभा राहून खुंट्या पिरगळतो, आणि त्या क्षणीच आवाज फाडतो किंवा आवरतो. १९५१ मधील कड्यांतल्या हाताची ही पुढची पायरी होय. आता त्या हाताने आवाज घडतो.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका समजत नाही. ज्या गोंगाटाने कामगार बहिरे झाले, तोच तिकीट काढून ऐकणे ही श्रमाची थट्टा नव्हे काय? आकडे पाहता आक्षेपास बळच येते. युरोपच्या २००३ च्या निर्देशानुसार कामगाराच्या कानावर आठ तासांच्या दिवसात सरासरी ८७ डेसिबलहून अधिक आवाज पडता कामा नये. फ्रान्सच्या ऑगस्ट २०१७ च्या आदेशाने मैफलींस घातलेली मर्यादा पंधरा मिनिटांच्या सरासरीने १०२ डेसिबल आहे. १९९८ च्या नियमात ती १०५ होती. पंधरा डेसिबलांचा फरक म्हणजे ध्वनीची सुमारे तीसपट शक्ती. मैफल आठ तास चालत नाही हे खरे. तरी कानास कला आणि कारखाना यांतील भेद कळत नाही, हेही तितकेच खरे. ऐकणाराने कानांत बोळे घालावेत, यात रसभंग नाही.

तथापि थट्टेचा आरोप आम्हांस पटत नाही. कारखान्यातील आवाजाची पुनरुक्ती यंत्र ठरविते, आणि माणसास तिच्यामागे फरफटावे लागते. मैफलीत ती माणूस ठरवितो. हवी तेथे थांबवितो, हवी तेथे मोडतो. श्रोत्यासही दार उघडे असते. खुद्द शेफेर उत्तरायुष्यात निराश झाले होते. स्वरसप्तकाबाहेर खरे संगीत आपणांस सापडले नाही, असे त्यांनी १९८६ मधील एका मुलाखतीत स्पष्ट सांगितले. त्यांच्या या कबुलीविषयी आम्हांस आदर आहे. परंतु ती अंतिम निकाल म्हणून स्वीकारावी असे वाटत नाही. त्यांनी स्वरांच्या जागी गोंगाट बसविण्याचा यत्न केला, आणि तेथे अपयश आले असेल. लयीच्या बाजूने मात्र त्यांचा मिटलेला चर फळास आला. आणि तो सप्तकाच्या शोधात नसलेल्या, पिंपांवर दांडके उगारणाऱ्या पोरांच्या हातून आला, हे या इतिहासात नोंदवून ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.