एका सालाचा मक्ता : मेढ्याच्या नाचणीपासून अहमदाबादच्या इजाऱ्यापर्यंत

११ फेब्रुवारी १८१८. आदल्याच दिवशी साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता आणि बाजीराव फौजेसह पुढे पळत होता. त्या दिवशी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने साताऱ्याहून एक जाहीरनामा काढला. पेशव्याचे राज्य संपले आणि छत्रपतींसाठी वेगळे राज्य राखले जाईल, हा त्यातील भाग सर्वांच्या स्मरणात आहे. एक कलम मात्र सहसा वाचले जात नाही. त्याचा आशय असा : बाजीरावाने दिलेले जिल्ह्यांचे इजारे रद्द होतील, मुलूख कमाविसदारांच्या हवाली होईल आणि सरकारच्या वाजवी देण्यापलीकडे वसूल घेतला जाणार नाही.

राज्य बुडत असताना जेत्याला मक्तेदारांविषयी बोलण्याची एवढी घाई का झाली असावी?

याचे उत्तर साताऱ्याच्या पश्चिमेस, वेण्णेच्या काठाने वर गेल्यावर लागणाऱ्या मेढ्यासारख्या गावांत आहे. मेढा म्हणजे जावळीचे मुख्य ठिकाण. जानेवारी १६५६ मध्ये शिवाजीराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जिंकलेली ती हीच जावळी. नदीकाठी भाताची चिंचोळी खाचरे आणि वर उतारावर नाचणी-वरीची शेते. उताराची जमीन दोन-चार पिके देते, मग तिला काही वर्षे पडीक ठेवावी लागते. अशा जमिनीचा वसूल कोणत्या वर्षी किती घ्यावा, हे तीन-चार हंगाम पाहिलेल्या माणसालाच कळते. ज्याचा हक्क एका सालापुरताच आहे, त्याला ते कळून घेण्याचे कारणही उरत नाही.

जुनी व्यवस्था अशी नव्हती. थोरल्या माधवरावांच्या आणि नंतर नाना फडणिसांच्या कारभारात परगण्यावर मामलेदार किंवा कमाविसदार नेमला जाई. तो निव्वळ पगारी नोकर नव्हता आणि निव्वळ ठेकेदारही नव्हता. सालाच्या आरंभी त्याला अपेक्षित वसुलाचा मोठा भाग सरकारात आगाऊ भरावा लागे. त्या रकमेस रसद म्हणत. बहुधा ती सावकाराकडून उचललेली असे आणि तिचे व्याज हिशेबात मजुरा मिळे. आजच्या ठेकेदाराची अनामत रक्कम सरकारकडे पडून असते. रसद तशी पडून राहत नसे, तिच्यावर सरकारचा खर्चच चाले. त्यामुळे पेशवाईची तिजोरी, पुण्याचे सावकार आणि खेड्यातील खळे ही तिन्ही एका दोरीत बांधलेली होती.

त्या दोरीला काही गाठी मुद्दाम मारलेल्या होत्या. सालाच्या आरंभी बेहडा, म्हणजे जमाखर्चाचा अंदाज, हुजुरातून ठरून येई. कमाविसदाराच्या शेजारी दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस, पोतनीस असे दरखदार बसत. त्यांना काढून टाकण्याचा अधिकार कमाविसदारास नव्हता. कागद त्यांच्या हातून गेल्यावाचून हिशेब पुरा होत नसे आणि शेवटी झडती पुण्याच्या हुजूर दफ्तरात तपासली जाई. चोरी होत नव्हती असे नाही. ‘अंतस्थ’ या सभ्य नावाने वरपर्यंत पोचणारी रक्कम सर्वांनाच ठाऊक होती. पण पुढच्या सालीही त्याच परगण्यात तोंड दाखवायचे असल्याने खाणाऱ्याच्या हातालाही मर्यादा होती. रयत पळाली तर पुढील रसद कोणाच्या भरवशावर भरायची?

मार्च १८०० मध्ये नाना वारले. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी हडपसरला पेशवे आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला, ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला आणि १८०३-०४ चा भीषण दुष्काळ दख्खनवर कोसळला. बाजीराव पुण्यास परतला तेव्हा इंग्रजी तैनाती फौज पाठीशी होती, म्हणजे सरदारांची गरज कमी झाली होती. पैशाची गरज मात्र वाढली होती.

मग नियम बदलले. एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात या बदलाचे वर्णन केले आहे. ते जेत्याचे वर्णन आहे, तेव्हा मिठाच्या चिमटीसह वाचावे. तरी मुख्य गोष्ट विश्वसनीय वाटते. मामलत आता अनुभवी माणसास विश्वासाने सोपवली जात नसे, पेशव्याच्या भोवतालच्या मंडळींत तिची बोली लागे. जो बोली लावण्यास कचरे त्याच्यावर मर्जी खप्पा होई. पुढच्या साली कोणी जास्त बोलला की परगणा त्याच्याकडे. वरचा मक्तेदार पोटमक्ते देई, पोटमक्तेदार गावच्या पाटलाकडे येई. पाटलाने सांगितलेला आकडा मान्य केला तर ती रक्कम गावावर वाटली जाई. नाकारला तर मक्तेदाराची माणसे स्वतः वसुलीस उतरत आणि ते अधिक वाईट ठरे. जमीन काय देऊ शकते यापेक्षा घरात काय उरले आहे, यावर आकारणी होऊ लागली. दरम्यान हुजूर दफ्तराकडे दुर्लक्ष झाले. तपासणारे जागेवर नसतील तर झडती म्हणजे नुसता कागद.

मक्तेदाराला दुष्ट ठरवून प्रकरण मिटवणे सोपे आहे, पण ते पुरेसे नाही. चढ्या बोलीने, कर्जाऊ पैशावर, एका सालाच्या मुदतीने परगणा घेतलेल्या माणसाने दुसरे काय केले असते? त्याच्या जागी साधू बसवला असता, तरी त्यालाही सावकाराचे व्याज भरावेच लागले असते. ज्या दरबाराने मुदत तोडली आणि तपास सैल केला, जबाबदारी मुख्यतः त्याची आहे.

हा केवळ मराठी दरबाराचा दोष नव्हे. १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने बंगालचा महसूल पाच वर्षांच्या लिलावाने मक्त्याने दिला आणि तो प्रयोग साफ फसला. फ्रान्समध्ये करवसुलीचा मक्ता घेणारी मंडळी इतकी द्वेषाची धनी झाली होती, की क्रांतीनंतर मे १७९४ मध्ये त्यांना एकत्र गिलोटिनखाली नेण्यात आले. थोर रसायनशास्त्रज्ञ लव्हॉझिए त्यांतच होता. त्याची भागीदारी प्रयोगशाळेपेक्षा महाग पडली.

मराठी राज्यात मात्र एका मक्त्याने थेट राज्याचाच घास घेतला.

अहमदाबादच्या सुभ्यात पेशवे आणि गायकवाड असे दोन हिस्सेदार होते. १८०० मध्ये पेशव्यांचा हिस्सा गायकवाडांना सालिना ५ लाख रुपयांनी पाच वर्षांच्या इजाऱ्याने मिळाला. १८०४ मध्ये तो ४॥ लाखांनी दहा वर्षांसाठी वाढवला गेला. दहा वर्षांची मुदत ही त्या काळात चैनच. १८१४ मध्ये मुदत संपली आणि बाजीरावाने इजारा पुन्हा न देता त्रिंबकजी डेंगळ्याला तेथील सरसुभेदार नेमले. इजाऱ्याचे नूतनीकरण आणि जुन्या थकबाकीचा हिशेब यांसाठी बडोद्याचे गंगाधरशास्त्री पटवर्धन इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले होते. बोलणी लांबली आणि जुलै १८१५ मध्ये, पेशवे आषाढीसाठी पंढरपुरास असताना, शास्त्र्यांचा तेथेच खून झाला.

पुढील घटना शाळेच्या पुस्तकांतही आहेत. संशय त्रिंबकजीवर आला, इंग्रजांनी त्याला मागून घेतले आणि ठाण्याच्या किल्ल्यात डांबले. सप्टेंबर १८१६ मध्ये तो निसटला आणि शंभूमहादेवाच्या डोंगरांत माणसे जमवू लागला. त्यातून १३ जून १८१७ चा पुण्याचा तह बाजीरावावर लादला गेला. त्या तहात इतर मानहानीबरोबरच अहमदाबादचा इजारा ४॥ लाखांनी गायकवाडांना कायमचा देण्याचे कलम होते. ज्याच्या मुदतीवरून खून पडला त्या मक्त्याची मुदतच काढून टाकली गेली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. दुसऱ्याच दिवशी, ६ नोव्हेंबर १८१७ रोजी, गायकवाडांनी इजाऱ्याने मिळालेले ते सारे हक्क तहाने कंपनीला देऊन टाकले. ‘कायमचा’ इजारा पाच महिनेही गायकवाडांकडे राहिला नाही.

आता साताऱ्याच्या जाहीरनाम्यातील ते कलम पुन्हा पाहावे. एल्फिन्स्टनला पाटील आणि रयत बाजीरावापासून तोडायची होती, आणि त्यासाठी बंदुकीपेक्षा स्वस्त साधन त्याच्या हाती होते. एप्रिल १८१८ मध्ये जावळीतलाच वासोटा पडला, तेथे ठेवलेली राजकुटुंबातील मंडळी सुटली आणि प्रतापसिंह महाराज साताऱ्याच्या गादीवर आले. कारभार प्रथम कॅप्टन ग्रँटच्या देखरेखीखाली चालला. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ तो हाच. १८२२ मध्ये त्याने सूत्रे महाराजांच्या हाती दिली. मामलेदार हे नाव टिकले, पण आता तो पगारी अधिकारी होता. त्याला रसद भरावी लागत नव्हती आणि बोलीही लावावी लागत नव्हती.

ज्यांचा धंदा या दोरीवर उभा होता त्यांचे मात्र दिवस फिरले. मामलती घेणारी पुण्याची मंडळी, त्यांचे कारकून आणि रसदेला पैसा पुरवणाऱ्या पेढ्या यांचा मोठा गिऱ्हाईक, म्हणजे सरकार, एका कलमाने बाजारातून उठला. पुण्याच्या सावकारीला उतरती कळा लागली, त्याचे हे एक ठळक कारण होते.

आणि रयत? मक्तेदार गेला, ही सुटका खरी होती. पण १८२० नंतरच्या दशकात दख्खनभर धान्याचे भाव घसरले. पैशात ठरलेला सारा तेवढाच राहिला आणि तो भरण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक धान्य विकावे लागू लागले. जुना मामलेदार निदान घासाघीस करी, प्रसंगी थकबाकी पुढील सालावर ढकली. नव्या मामलेदाराला तेवढी मोकळीक नव्हती. कंपनीच्या मुलखात १८३६ पासून इंदापूरला तीस वर्षांचा सारा ठरवण्याची पद्धत आली. शेतकऱ्यासाठी ती पहिली खरी लांब मुदत होती.

मक्त्याची चाल मात्र सरकारच्या घरातून गेली नाही. जमिनीचे इजारे बंद करणाऱ्या त्याच कंपनीने आणि तिच्यामागून आलेल्या सरकारने दारूविक्रीचे मक्ते लिलावाने देणे १९व्या शतकात चालूच ठेवले.