आर्या, हबेस

आमच्या सोसायटीसमोर मेट्रोचं काम चालू आहे. धूळ, आवाज, रात्रभर डोळ्यांवर येणारे दिवे. सगळ्यांच्या तक्रारी आहेत. माझी नाही. मी गॅलरीत खुर्ची टाकून क्रेनखालच्या खलाशाकडे बघत बसतो. समुद्र न पाहिलेल्या त्या माणसालाही खलाशीच म्हणतात बरं का. वर गर्डर लटकतोय आणि खाली हा हात हलवत ओरडतोय, "हबेस, हबेस... बस! आर्या, थोडा आर्या!"

शेजारच्या कॉलेजवाल्या मुलीनं परवा विचारलं, "आजोबा, हा कुठली भाषा बोलतो?" तिला ती भोजपुरी वाटली होती.

म्हटलं, माझी.

हबेस म्हणजे वर खेच. आर्या म्हणजे खाली सोड. यातला 'आर्या' पोर्तुगीज 'आर्रियार'वरून आला. सुकाणू आणि सुखाणी अरबी. सारंग फारसी, नाखवाही फारसी. जहाजावरच्या अधिकाऱ्याला जुने खलाशी 'मालम' म्हणायचे, ते अरबी 'मुअल्लिम', म्हणजे शिकवणारा. अरब, पोर्तुगीज, गुजराती, कोकणी आणि बंगाली माणसं शेकडो वर्षं एकाच दोरखंडाला हात घालत आली. त्या ओढाताणीत तयार झालेल्या या बोलीला लस्करी म्हणत. आपल्या खलाशांना इंग्रज 'लास्कर' म्हणायचे. ही बोली आल्याशिवाय हुकूम देता येत नाही हे कळल्यावर थॉमस रोबक नावाच्या अधिकाऱ्यानं 1811 साली कलकत्त्यात तिचा कोशच छापला. पुढे गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी 'मालिम साहिब्स हिंदुस्तानी' नावाचं चोपडंही निघालं.

मी ती चोपड्यातून शिकलो नाही. गुजरातेत नवलखीला 'नौलक्षी' नावाचं खलाशांचं प्रशिक्षण जहाज होतं, तिथून 1968 साली बाहेर पडलो आणि पहिल्याच बोटीवर सारंगचाचांच्या हाताखाली लागलो. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याच्या खाली टिंडल, मग सुखाणी, मग आम्ही. चाचा खेडकडचे, कोकणी मुसलमान. मी दापोलीचा. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर तेव्हा जुनी विभागणी बरीचशी टिकून होती. डेकवर रत्नागिरीवाले, इंजिनात पठाण-पंजाबी आणि सलूनमध्ये गोवेकर. ती इंग्रज कंपन्यांच्या काळापासून चालत आलेली. गोवेकर बटलर आणि कुक मुंबईत आले की धोबीतलावच्या आपल्या गावाच्या कुडात उतरत. आमचे लोक गाववाल्यांच्या खोलीत आळीपाळीनं झोपत.

हे वाट बघणं काय असायचं ते आज सांगूनही पटत नाही. स्वातंत्र्याआधी तर बोट मिळायची ती सारंगाच्या आणि दलालाच्या मर्जीनं. त्यांचे हात ओले करायचे, त्यासाठी सावकाराकडून कर्ज काढायचं आणि बोटीवरच्या पगारातून ते फेडायचं. सरकारनं 1922 साली नेमलेल्या समितीपुढेही हीच रड होती. गोऱ्या खलाशाच्या चौथा-पाचवा हिस्सा पगार, आणि त्यातून ही कापाकापी. 1939 मध्ये युद्ध सुरू झालं तसे आपले खलाशी परदेशी बंदरांत अडून बसले, पगार वाढवा म्हणाले. कित्येकांना त्यासाठी तुरुंगात टाकलं. माझ्या वेळेपर्यंत सरकारी भरती कार्यालय आलं होतं आणि रोस्टरवर नंबर लागत असे. पण नंबर लागायला हातात नळी लागायची.

नळी म्हणजे खलाशाचं सर्व्हिस बुक. पूर्वी खलाशी आपला दाखला पत्र्याच्या नळीत घालून जपत, म्हणून कागदालाच नळी म्हणायला लागले. पुढे पुस्तक आलं तरी नाव तेच राहिलं. तीत प्रत्येक सफरीचा दाखला असतो. कुठल्या बोटीवर, कधी चढला, कधी उतरला आणि शेवटी शेरा. 'व्हेरी गुड' असा शिक्का पडला की पुढची बोट. कप्तानानं 'डिक्लाइन टू रिपोर्ट' लिहिलं, म्हणजे 'मी याच्याबद्दल काही सांगत नाही', तर ते न सांगणंच सगळं सांगून जायचं.

मी अकरावीपर्यंत शिकलेला. डेकवरच्या बऱ्याच जणांना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पत्रं लिहायचं काम माझ्याकडे आलं. आठ ते बारा वॉच संपला की एकेक जण येऊन बसायचा. सुवेझ कालवा 1967 पासून बंद होता. मुंबई ते लंडन एरवी सव्वासहा हजार सागरी मैल, ते आफ्रिकेला वळसा घालून पावणेअकरा हजार झालं होतं. (2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बोटी पुन्हा त्याच वाटेनं जायला लागल्या तेव्हा आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना फोनवर गप्पा मारायला विषय मिळाला.) डर्बन-केपटाउनकडचे दिवे लांबून दिसायचे. पण भारतानं 1946 सालीच दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडलेला, आमच्या बोटीला तिथे थांबायचं नव्हतं. आठवडेच्या आठवडे पाणी. गंज ठोकायचा, रेड लेड लावायचं, सोड्याच्या पाण्यानं रंग धुवायचा. त्या धुण्याला आम्ही सूजी-मूजी म्हणायचो. संध्याकाळी पत्रं. बैल घेतला का, मुलीचं जमलं का, छपराचं काय केलं. पत्र पोहोचून उत्तर येईपर्यंत पाऊस येऊन गेलेला असे.

चाचांची पत्रंही मीच लिहायचो. एकदा, 1972 असेल, बोट मुंबईत लागलेली असताना ते मला मस्जिद बंदरच्या सीमेन्स होममध्ये घेऊन गेले. तिथे पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या लोकांची नावं मात्र भिंतीवर नाहीत, एका मोठ्या पुस्तकात आहेत. भारतीय नौदल आणि व्यापारी बोटी मिळून सुमारे साडेसहा हजार नावं. त्या पुस्तकाची एक प्रत इथे आणि एक चितगावला. चाचांचे वडील 1942 मध्ये टॉर्पेडो लागून बुडालेल्या बोटीवर होते. घरी एक कागद आला होता, बस. कबर नाही, दिवस नाही.

मी पानं उलटत गेलो. एकेका नावाचे पंधरा-वीस जण. बापाचं नाव, आडनाव, गाव, काही नसलेली नावं. कारकुनानं जे ऐकलं ते इंग्रजीत उतरवलेलं. शेवटी बोटीच्या नावावरून शोधलं. 'हे बघा,' म्हणून बोट ठेवलं. चाचा त्या ओळीकडे खूप वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बराबर देख ना रे. यहीच है ना?" मी म्हटलं हेच. त्यांच्याकडे दुसरा काही उपाय नव्हता, माझ्यावर विश्वास ठेवण्याशिवाय.

हे आधी सांगितलं कारण पुढचं 1974 चं आहे.

युरोपातल्या एका बंदरात शिरायच्या आधी आम्ही डेरिक उभे करत होतो. डेरिक म्हणजे जहाजाची स्वतःची क्रेन. भर समुद्रात आडवी बांधून ठेवतात, माल काढायच्या आधी विंचनं उभी करतात. विंचवर टिंडल होते. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे, गुहागरकडचे. मी त्यांना दादा म्हणायचो. हॅचवर एक नवा मेट उभा होता. शिकलेला, इंग्रजी फर्डं, बोलीत कच्चा. डेरिक अर्ध्यावर आली आणि त्याला ती आणखी वर हवी होती. तो ओरडला, "आर्या!"

मी तीन पावलांवर होतो. स्पष्ट ऐकलं.

टिंडलांनी सोडलं. डेरिक खाली यायला लागली तसा मेट घाबरून आणखी ओरडला, वायर ड्रमवरून उडाली आणि डेरिक बाजूच्या कठड्यावर आदळली. खाली एक पोरगा होता. त्याचा पाय सापडला.

दुसऱ्या दिवशी कप्तानाच्या केबिनमध्ये चौकशी. मेट म्हणाला, मी हबेस म्हटलं होतं. टिंडल म्हणाले, आर्या म्हटलं. मला विचारलं. मी म्हटलं, "विंचचा आवाज होता साहेब, ऐकू नाही आलं."

माझी नळी सहा वर्षांची होती, सगळी व्हेरी गुड. गावी बहिणीचं लग्न ठरलेलं. असं आणि बरंच काही मी स्वतःला पुढची पन्नास वर्षं सांगत आलोय.

मुंबईत उतरताना टिंडलांच्या नळीवर 'डिक्लाइन टू रिपोर्ट' पडलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मीच वाचून दाखवलं. चाचा त्या दिवशी बोटीच्या मागच्या बाजूला होते, त्यांनी काही पाहिलं नव्हतं. त्यांनी मला एकदाच विचारलं, "तूने क्या सुना?" मी विंचचं सांगितलं. ते हं म्हणाले. त्यानंतर त्यांनी माझ्याकडून एकही पत्र लिहून घेतलं नाही. सलूनच्या गोवेकर पोराकडून रोमन लिपीत हिंदुस्तानी लिहून घ्यायचे. घरी ते कोण वाचत असेल, देव जाणे.

मी पुढे सुखाणी झालो, मग सारंग झालो. कागदोपत्री त्याला बोसन म्हणायला लागले होते. 1989 साली न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, माल कंटेनरमध्ये गेला, डेरिक गेल्या. जिथे दहा-दहा दिवस लागायचे तिथून बोट दुसऱ्या दिवशी सुटायला लागली. हुकूम वॉकीटॉकीवर, इंग्रजीत. बोली बोटीवरून उतरली आणि डॉकमधून क्रेनबरोबर शहरात गेली.

निवृत्त झाल्यावर एकदा दाभोळची फेरी पकडून पलीकडे गेलो. टिंडलांचं घर विचारत विचारत सापडलं. त्या सफरीनंतर त्यांना बोट मिळालीच नव्हती. खाडीत होडी चालवली, थोडी कलमं लावली. म्हातारे झालेले. मला ओळखलं. सुनेला चहा ठेवायला सांगितलं, आंबोळ्या खायलाच लावल्या. बोलणं झालं ते सगळं चाचांचं, कुकचं, हॅम्बुर्गच्या थंडीचं. चाचा वारल्याचं त्यांनीच सांगितलं.

भिंतीवर खुंटीला पत्र्याची नळी लटकत होती. त्यांच्या वडिलांची, तेही जहाजीच. मी बघतोय म्हटल्यावर त्यांनी ती काढली आणि झाकण उघडलं. आत सातबाऱ्याचे उतारे गुंडाळून ठेवले होते.

"तुझं पुस्तक कुठे असतं?" त्यांनी विचारलं.

"कपाटात," मी म्हटलं.

"माझंपण आहे," ते म्हणाले, आणि नळी परत खुंटीला लावली. मग फेरी चुकेल म्हणून मला धक्क्यापर्यंत सोडायला आले.