चोळी-बांगडी ते सातबारा

‘चोळी-बांगडीची जमीन’ हा शब्द आपल्यातल्या वयस्कर मंडळींना नवा नाही. नवरा गेला की भावकीने विधवेला एखादा तुकडा तोडून द्यायचा, तिने तो हयातभर कसून खायचा, आणि ती गेली की तुकडा परत भावकीकडे. विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही. एकत्र कुटुंबात मयताचा हिस्सा घरातल्या पुरुषांकडे जाई. बाईला फक्त अन्नवस्त्र, म्हणजे पोटगी.

आपल्या आज्या-पणज्यांवर याहून मोठा अन्याय झाला, तो आम्हाला इथे मुद्दाम सांगायचा आहे. १८५६ च्या कायद्याने विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक दिली. मात्र लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवर पाणी सोडायचं! आपल्याकडे पाट पिढ्यान्‌पिढ्या लागत होता. त्यासाठी सरकारी कायदा कुणी मागितला नव्हता. तरी १८९६ साली मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने विठू विरुद्ध गोविंदा या खटल्यात ठरवलं की, पाटाची चाल असलेल्या जातींनाही तीच अट लागू. अलाहाबादचं हायकोर्ट उलट मताचं होतं. म्हणजे मोकळीक दुसऱ्यांना आणि दंड आमच्या बाईला.

१९३७ साली मुंबईच्या डॉ. देशमुखांच्या प्रयत्नाने विधवेला मुलाइतका वाटा मिळाला, पण तोही हयातीपुरता. शिवाय भोर तेव्हा पंतसचिवांचं संस्थान. ब्रिटिश मुलखातला कायदा इथे आपोआप लागत नसे. संस्थान १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं.

मर्यादित मालकीची ही बेडी तोडायचीच, हे पूज्य बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात मांडलं. संसदेत बिल रखडत ठेवलं गेलं आणि २७ सप्टेंबर १९५१ रोजी बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून कायदे झाले. वारसा कायदा १७ जून १९५६ रोजी लागू झाला. त्यानंतर चार महिन्यांच्या आतच नागपूरची धम्मदीक्षा. हा कायदा बौद्धांनाही लागू आहे, तसं कलम २ मध्ये स्पष्ट लिहिलंय. ‘धर्म बदलला, आता हक्क कसला?’ असं कुणी सुनावलं तर त्याला हे कलम दाखवावं.

या कायद्याने विधवा, मुलगा, मुलगी आणि मयताची आई यांना सारखा वाटा दिला. कलम १४ ने बाईच्या ताब्यातली मिळकत तिच्या पूर्ण मालकीची केली. पोटगीपोटी दिलेल्या जमिनीचं काय, हा वाद सुप्रीम कोर्टात गेला. १९७७ च्या तुळसम्मा खटल्यात निकाल लागला की तीही तिचीच. चोळी-बांगडीचा तुकडा असा मालकीचा झाला. पुनर्विवाह केला तरी नवऱ्याकडून आलेला वाटा जात नाही, हे २००८ साली त्याच कोर्टाने सांगितलं. १८५६ चा कायदा तर १९८३ सालीच रद्द झाला होता.

विधवा सुनेला स्वतःची कमाई वा मिळकत नसेल, आईबाप, मुलंही पोसू शकत नसतील, तर सासऱ्याच्या हातातल्या वडिलोपार्जित मिळकतीतून तिला पोटगी मिळते. १९५६ च्याच दुसऱ्या कायद्यात ही सोय आहे; सून पुन्हा लग्न करेपर्यंत ती चालते.

आता राहिला कागद. मुलांची नावं कब्जेदार म्हणून आणि आईचं नाव ‘इतर हक्कां’त, अशी वारसनोंद गावोगावी होत आली. ‘मुलं सांभाळतीलच की,’ म्हणून आईही अंगठा देते. आपापल्या घरचा सातबारा काढून आईचं नाव कुठल्या रकान्यात आहे, ते एकदा बघावं.