गणितशिक्षण व कुटुंब

मुलांच्या गणितशिक्षणात कुटुंबाचे साहाय्य मिळविण्यासाठी भावी शिक्षकांची करावयाची तयारी हा अध्यापक-प्रशिक्षणाचा एक भाग होय. महाराष्ट्रात घरचे व शाळेचे अंकगणित दीर्घकाळ एकच होते. पुढे ती दोन्ही वेगळी पडत गेल्यामुळे या तयारीची गरज निर्माण झाली.

पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अंक गिरवीत. नेहमीच्या पाढ्यांबरोबरच पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी व औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही तोंडपाठ करून घेतले जात. रुपये-आणे आणि मण-शेर यांच्या व्यवहारात त्यांचा रोज उपयोग होई. पंतोजीचा मोबदला पालकच धान्याच्या वा रोख रकमेच्या रूपाने देत. त्यामुळे मुलाचे शिक्षण त्यांच्या पारखीखाली राही. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज जर्व्हिस यांनी मराठीत गणिताची पुस्तके सिद्ध केली आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणशाळांची शिफारस केली. अध्यापनात एकसूत्रीपणा आला; तथापि शिक्षकाची बांधिलकी पालकांपेक्षा अभ्यासक्रम व तपासनीस यांच्याशी अधिक जडली.

१ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी व १९५८ पासून क्रमाक्रमाने मेट्रिक मापे प्रचारात आली. व्यवहार सुलभ झाला. पण वडीलधाऱ्यांचे पाढे शाळेत निरुपयोगी ठरले. असाच दुरावा २०१९ मध्ये उघड झाला. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ बरोबर ‘वीस एक’ असे संख्यावाचन देण्यात आले. मराठीत एकक आधी उच्चारला जातो, तर लिहिताना दशक आधी येतो. ही मुलांची अडचण दूर व्हावी, अशी गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांची भूमिका होती. बदलावर मोठा वाद झाला. बदलाचे कारण पालकांना समजावून सांगणारा शिक्षक किती आवश्यक असतो, हे त्यावरून दिसून येते.

धुळे जिल्ह्यातील सोनगीर हे तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ख्यात असलेले गाव या दृष्टीने उद्बोधक आहे. भांडे वजनावर विकणे, मोड घेताना घट वजा करणे, मजुरी आकारणे या कामांत गुणाकार, वजाबाकी व प्रमाण येतेच. अशा घरातील आईवडील अल्पशिक्षित असले, तरी गणितात अडाणी नसतात. त्यांचा हिशेब बहुधा तोंडी व अहिराणीतून चालतो. त्याला पाटीवरील मांडणीशी जोडणे हे शिक्षकाचे काम होय.

शिक्षणहक्क अधिनियमाने (२००९) पालकांच्या नियमित सभा घेणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले. २०२२ च्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात मातांचे गट करण्यात आले. मात्र सभेत केवळ प्रगतिपत्रक वाचून दाखविल्याने हेतू साधत नाही. छात्राध्यापकाने गृहभेटीत घरचा हिशेब ऐकावा, त्यातील रीत ओळखावी व तिच्यावर पाठ बेतावा, असा सराव त्याला प्रशिक्षणकाळातच मिळणे इष्ट आहे. कुटुंबाला केवळ सूचना देण्याऐवजी त्याच्याकडून शिकण्याची तयारी, हा या प्रशिक्षणाचा गाभा ठरतो.